काचेच्या शेगडीचा तिसरा नियम

ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाला सांगितलेली नाही. पण गंमत बघा — तिचा अर्धा भाग मी जवळजवळ सगळ्यांना सांगत असते. आमच्या कॉलनीत कुणाकडे काचेची शेगडी आली की ती बाई दोन दिवसांत माझ्या दारात उभी. आंटी, ये साफ कैसे करना है? मग मी तिला बसवते, चहा टाकते आणि सुरू होते.

तारेची घासणी नाही. राख नाही, भुकटीसुद्धा नाही. मऊ फडकं आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. डाग चिवट असला तर खायचा सोडा पाण्यात कालवून त्यावर थापायचा, दहा मिनिटांनी पुसून काढायचा. जड भांडं आदळायचं नाही, काचेवरून ओढायचं नाही. बर्नरच्या मानानं फार मोठ्या बुडाचं भांडं ठेवायचं नाही, खालून आच परतते आणि काच तापते. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं साफ करायची. आणि काही उतू गेलं, सांडलं — इथे मी थांबते. समोरच्या बाईचा हात धरते. गॅस बंद करायचा, भांडं उतरवायचं, काच गार होईपर्यंत थांबायचं, आणि मगच पुसायचं. गरम काचेवर ओलं फडकं कधीही नाही. हे मी तीनतीनदा सांगते, तिच्याकडून वदवून घेते. बायका हसतात. आंटी किती काळजी करतात, म्हणतात.

एकीला मात्र मी हे सांगितलं नाही.

तेच सांगायला बसले आहे. पण सरळ तिथे जायची हिंमत होत नाही, जरा वळसा घेऊन येते. चालेल ना?

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नवरा फॅक्टरीत, धाकटा दीर सुनील तेव्हा शाळेत, आणि सासू. त्यांना मीही आईच म्हणायची. पहिल्या आठवड्यातच आईंनी स्वयंपाकघर माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसल्या. पुढची सोळा वर्षं तिथे माझंच राज्य. दोन बर्नरची स्टीलची शेगडी, राखेनं घासघासून तिची चमक कधीच गेलेली, पण माझी होती. कुठल्या डब्यात काय आहे ते फक्त मला माहीत. आणि वर्षातून एक दिवस तर सगळ्या वस्तीला माहीत असायचं की हे स्वयंपाकघर कुणाचं आहे — बुद्ध पौर्णिमेचा. त्या दिवशी विहारात खीर वाटतात. घराघरांतून गंज, म्हणजे मोठाली पातेली, भरून येतात, पण आमच्या गंजाभोवती गर्दी आधी व्हायची. मोठीची खीर आली का, म्हणून लोक विचारायचे. मोठी म्हणजे मी. घरातली मोठी सून.

हसू नका. तुमच्याकडेही असेल असं एखादं लोणचं, एखादी चकली. माणूस वर्षभर कशावर जगतो?

मग सुनील भाऊजींचं लग्न झालं आणि वैशाली आली.

ती इथलीच, जबलपूरची. शिक्षण सगळं हिंदीत. मराठी कळायची पूर्ण, पण बोलायला गेली की अर्ध्यावर हिंदीत उतरायची. औषधांचं शिकलेली. सिविल लाइंसकडच्या एका सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर नोकरीला. आणि तिची स्मरणशक्ती — काय सांगू? एकदा ऐकलं की विसरणं नाही. सिलिंडर कधी लावला, आईंच्या रक्तदाबाच्या किती गोळ्या उरल्या, शेजारच्या मावशींच्या नातवाचा वाढदिवस कधी, सगळं तोंडपाठ. शिवाय वर लिहून ठेवायची. तिच्या पर्समध्ये कायम एक निळं पेन आणि कागदाचे तुकडे. दवाखान्यातही म्हणे डॉक्टर काही अडलं की म्हणायचे, वैशालीजी से पूछो.

घरातही तेच सुरू झालं. वैशालीला विचारा, तिला आठवत असेल. हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकायची. आईंच्या गोळ्यांचा डबा माझ्याकडून तिच्याकडे गेला. कुणी काढून घेतला नाही, नुसता गेला. एक दिवस माझा नवरा चहा पिताना म्हणाला, आज चहा मस्त झाला. तो वैशालीनं केला होता. सोळा वर्षांत माझ्या चहाला त्यानं कधी मस्त म्हटलं नव्हतं. मी भांडी आदळत घासली त्या दिवशी. जळत होते मी, आणि ते मला कळतही होतं.

ती वाईट असती तर बरं झालं असतं. उर्मट असती, कामचुकार असती, तर मी चारचौघांत भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण ती दवाखान्यातून थकून यायची आणि पदर खोचून माझ्याजवळ उभी राहायची. ताई, मैं कर देती हूँ ना. भाजी चिरायची, पाट्यावर वाटायची, एका शब्दानं उलट बोलायची नाही. आता अशा बाईचा राग करायचा कसा? मी केला. मला जमलं.

मग ती शेगडी आली.

वैशालीनं आणली. सुनील भाऊजींना सांगितलं, आईंना सांगितलं, मला मात्र नाही — म्हणे मला सरप्राईज द्यायचं होतं. काळी काच, तीन बर्नर, आरशासारखा चेहरा दिसायचा त्यात. म्हणाली, ताई, तुम्ही रोज राखेनं घासता, हात किती खराब झाले तुमचे, ये तो बस पोंछ देना है. माझ्या हातांसाठी आणली होती तिनं. आणि मला काय ऐकू आलं? की तुझं स्वयंपाकघर कळकट आहे. माझी स्टीलची शेगडी पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेली. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. आई प्रत्येकीला सांगत होत्या, आमच्या लहान सुनेनं आणली. मी आत कणीक मळत होते.

शेगडी बसवायला माणूस आला तेव्हा वैशाली ड्यूटीवर होती. घरात मी आणि आई. माणूस बोलका होता, नीट समजावून सांगणारा. त्यानं नळी जोडली, साबणाचं पाणी लावून गळती तपासली, आणि मग मला समोर उभं करून एकेक गोष्ट सांगितली. शेवटी दारातून परत वळून म्हणाला, "भाभीजी, कुछ गिर जाए तो जमने मत देना, पोंछ देना. लेकिन ठंडा होने के बाद. गरम काँच पे गीला कपड़ा पड़ा तो समझो गया."

हे शब्द मला आजही त्याच्याच आवाजात ऐकू येतात. मी विसरले नव्हते, हे आधी सांगून ठेवते.

खोक्यात एक बारकं पुस्तकही होतं, इंग्रजी आणि हिंदीतलं. ते मी खोक्याबरोबर माळ्यावर टाकलं. तेव्हा मनात काही नव्हतं, शपथेवर सांगते. पण संध्याकाळी वैशालीनं विचारलं, ताई, साथ में कुछ किताब-विताब था क्या? आणि मी म्हणाले, नाही बा, काही नव्हतं.

काहून म्हणाले असेन मी तसं?

कारण मला वाटलं — या घरात एक तरी गोष्ट अशी असू दे, जी तिला मला विचारावी लागेल. तिला माहीत नाही आणि मला माहीत आहे. एवढंच हवं होतं. मी सांगणार होते तिला सगळं. फक्त तिनं विचारावं आणि मी सांगावं.

आणि तिनं विचारलंही. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात मांडी घालून बसली, मांडीवर कागद, हातात ते निळं पेन. ताई, बोला. शाळेतल्या मुलीसारखी माझ्याकडे बघत होती. मला फार बरं वाटलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सावकाश सांगायला लागले. एक — तारेची घासणी लावायची नाही. ती हिंदीत लिहीत गेली. दोन — भांडं आदळायचं नाही, ओढायचं नाही. तेही लिहिलं.

तेवढ्यात बाहेरून आईंचा आवाज आला. त्या दारातच धने निवडत बसल्या होत्या.

"मोठे, यंदाची खीर याच गॅसवर होऊन जाऊ दे. वैशाली करन. तुलेही आराम भेटन जरा."

आईंच्या मनात काही नव्हतं. त्यांना खरोखर माझ्या आरामाची काळजी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे विहारातला गंज आला आणि लोक आले. लहानीची खीर आली का, असं विचारणारे लोक. माझ्या अंगाचा नुसता भडका झाला. वैशाली मान वर करून म्हणाली, नहीं आई, खीर तो ताईच करतील. आई म्हणाल्या, आराम करू दे व तिले, दरसाल थेच करते. वैशाली पुन्हा पेन घेऊन माझ्याकडे बघायला लागली.

तीन, मी म्हणाले. काही सांडलं, उतू गेलं, तर लगेच पुसून घ्यायचं.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. काच गार झाल्यावर. किती वेळ लागतो हे म्हणायला? मी ते गिळलं. वैशाली लिहीत होती — दूध या कुछ गिरे तो तुरंत पोंछना — आणि मी तिच्या भांगाकडे बघत उभी होते. मग चार सांगितला, बर्नर साफ ठेवायचा. पाच सांगितला, फार मोठं भांडं नाही. तिनं पाचही वाचून दाखवले. "बरोबर, ताई?"

"बरोबर," मी म्हणाले.

तिनं तो कागद शेगडीच्या वरच्या भिंतीवर चिकटवला. पाच नियम, सुंदर अक्षर.

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात झालं असेल, एका क्षणाची चूक. असती तर बरं. पण पौर्णिमेला अजून बारा दिवस होते. बारा दिवस तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. रोज सकाळी मी त्याच्याखाली उभी राहून चहा करत होते आणि तिसऱ्या ओळीशी माझी नजर अडखळत होती. मी स्वतः काच गार झाल्यावरच पुसायची. ती आसपास नसताना.

एकदा चहा उतू गेला. वैशाली धावली, गॅस बंद केला आणि ओल्या फडक्यानं झरझर पुसून काढलं. मी दारात उभी होते. काचेतून टिक असा बारीक आवाज आला. तिनं वाकून पाहिलं, काही नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं ना? अगं, जरा थांबत जा, गार होऊ दे — कुणाला संशयही आला नसता. मी गप्प बसले. मला हायसं वाटलं, आणि त्याच्याखाली थोडं वाईटही वाटलं, काच फुटली नाही म्हणून. दोन्ही वाटलं. हे कुणाला कळणार?

मला नक्की काय हवं होतं? मी कितीदा विचारलं आहे स्वतःला. काचेला तडा जावा. लोकांनी म्हणावं, बघा, एवढी हुशार, एवढी लिहून ठेवणारी, आणि शेगडी सांभाळता आली नाही. माझी जुनी शेगडी माळ्यावरून खाली यावी. इतकंच माझ्या डोळ्यांपुढे यायचं. काच फुटते तेव्हा तिच्यासमोर कुणीतरी उभं असतं, हे त्या चित्रात नव्हतं. मी ते येऊ दिलं नव्हतं.

पौर्णिमेच्या दिवशी वैशालीनं सुट्टी घेतली. सकाळीच न्हाऊन पांढरी साडी नेसली. पनागरहून दूध आणणाऱ्याला दुप्पट दूध सांगून ठेवलं होतं. मोठा अल्युमिनियमचा गंज काढला, तोच, ज्यात दरवर्षी मी खीर करायची. शेगडीवर ठेवताना तिनं कागदाकडे पाहिलं. ताई, ये गंज बड़ा तो नहीं हो रहा? पाचवा नियम तिला आठवत होता. तिला सगळंच आठवायचं. मी म्हणाले, एका दिवसानं काय होतं, ठेव.

मी खाली बसून विहारासाठी हार ओवत होते. आई दाराशी काजू तोडत होत्या. तासभर दूध आटत होतं. छान वास सुटला होता, तिनं वेलची अगदी वेळेवर घातली. मी मनात म्हटलं, हिची खीर चांगली होणार. मग ती साखरेच्या डब्याकडे वळली आणि दूध वर आलं. भराभर उतू गेलं, काळ्या काचेवर सगळीकडे पांढरं झालं, फसफसलं. तिनं गॅस बंद केला. ओट्यावरच्या बादलीतलं फडकं घेऊन पिळलं.

मी तिच्यापासून चार हातांवर होते. तिनं फडकं उचललं ते मी पाहिलं. पिळलं ते पाहिलं. तोंड उघडायला वेळ होता का?

होता.

फुटायचा आवाज फटाक्यासारखा आला. काच एका क्षणात बारीक तुकडे तुकडे झाली, गंज तिच्याकडे कलला, आणि उकळती खीर तिच्या उजव्या हातावर आणि पायावर गेली. ती ओरडली नाही. नुसती बसली खाली, काचांमध्ये. आईच ओरडल्या. मी उठले, तिच्या हातावर पाणी ओतलं, ओतत राहिले. मी तेव्हा सगळं बरोबर केलं. शेजाऱ्याची गाडी बोलावली, तिला दवाखान्यात नेलं, तिच्या पांढऱ्या साडीवरून माझी शाल घातली. लोक नंतर म्हणत होते, मोठी होती म्हणून निभावलं.

दुपारी तिला घरी आणलं. हाताला कोपरापर्यंत पट्टी, पायाला पट्टी. सुनील भाऊजींनी रागानं शेगडी बसवणाऱ्याला फोन लावला होता. तो म्हणाला, मैंने तो भाभीजी को दो बार बताया था, ठंडा होने के बाद पोंछना. भाऊजींनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. खोलीत आई होत्या, माझा नवरा होता. मला वाटलं, झालं. आता सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळणार.

पण वैशालीच बोलली. तापानं डोळे लाल झाले होते तिचे. "ताई, आपने बताया होगा ना? मेरे से ही लिखना छूट गया क्या?"

पाहिलंत? तिनं स्वतःच दार उघडून दिलं मला. नाही म्हणायचं होतं फक्त. नाही ग, मी सांगितलंच नाही. विसरले, असंही म्हणता आलं असतं — तेही खोटंच, पण लहान खोटं. सासू चार दिवस रागावली असती आणि संपलं असतं.

मी म्हणाले, "हो ग. सांगितलं होतं मी. तू लिहून राहिली होतीस, मधेच आई खिरीचं बोलल्या बघ, तेव्हा राहून गेलं असेल."

आईंनी मान डोलावली. त्यांना तो प्रसंग आठवला. मी खोट्याला खऱ्याचा टेकू दिला होता. वैशाली हळूच म्हणाली, "हाँ. तभी छूटा." आणि तिनं डोळे मिटले.

हीच ती गोष्ट. अर्धा नियम गिळला तो मत्सर होता, आणि त्याबद्दलही मला माफी नाही. पण त्या दुपारी जे मी बोलले, ते थंड डोक्यानं बोलले.

त्यानंतर मी काय केलं? माळ्यावरून माझी स्टीलची शेगडी उतरवली आणि नव्यानं खीर केली. संध्याकाळच्या वंदनेला गंज घेऊन विहारात गेले. पांढरी साडी नेसून सगळ्यांबरोबर पंचशील घेतलं. चौथं शील कशाचं आहे ते तुम्हाला सांगायला नको. खोटं न बोलण्याचं ते शील घेताना माझा आवाज अडखळलासुद्धा नाही. लोक हळहळले, बिचारी वैशाली म्हणाले, आणि खीर खाऊन म्हणाले, शेवटी मोठीच्या हातची ती मोठीच्या हातची. मला बरं वाटलं. हे सांगायला नको वाटतंय, पण वाटलं होतं.

हाताचे डाग राहिले, पण हात चालायला लागला. मला वाटलं, सुटलो आपण दोघी. मग ती कामावर रुजू झाली आणि महिन्याभरातच एक दिवस जेवताना म्हणाली, तिनं खिडकी सोडली. औषधं द्यायचं काम नको म्हणून अर्ज दिला. आता मागे स्टोअरमध्ये खोकी मोजायची आणि रजिस्टर लिहायचं. डॉक्टर तिला सोडायला तयार नव्हते म्हणे, पुढे तिलाच तिथली मुख्य करणार होते. ती ताटातला भात चिवडत होती. म्हणाली, "एक लाइन छूटी तो हाथ जला, ताई. दवा में छूट गई तो? किसी का बच्चा मरेगा."

सगळे तिची समजूत घालत होते. मीही घातली. म्हणाले, तुला पटेल ते कर बाई.

माझ्या एका वाक्यानं ती उद्याच्या उद्या खिडकीवर परत गेली असती. ते वाक्य माझ्याजवळ होतं. अजूनही आहे.

ती पुन्हा खिडकीवर बसली नाही. नोकरीची सगळी वर्षं खोकी मोजण्यात गेली. ज्या बाईला सगळा दवाखाना विचारायचा, ती घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेली की परत यायची, लावलं का बघायला. सुनील भाऊजी थट्टेनं भुलक्कड म्हणायला लागले. तिची मुलगी मोठी झाली ती हेच ऐकत — मम्मी को कुछ याद नहीं रहता. खरं म्हणजे ती काहीही विसरत नव्हती. विसरली म्हणून एकही गोष्ट कुणाला दाखवता आली नसती, त्या एका ओळीशिवाय. आणि आईंच्या गोळ्यांचा डबा? तो परत माझ्याकडे आला. तिनंच आणून दिला. आई गेल्या तोवर तो माझ्याकडे होता.

घरातलं माझं स्थान मला परत मिळालं. सगळंच मिळालं.

पुढे नवी शेगडी घेतली, तीही काचेचीच, वैशालीच म्हणाली म्हणून. ताईंच्या हातांना राख नको. तो कागद मात्र तोच राहिला. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी सकाळी चहा करायला गेले तेव्हा पाहिलं. तिसऱ्या ओळीपुढे लाल पेनानं काही लिहिलेलं होतं. अक्षरं वाकडी, पहिलीतल्या पोराची वाटावी अशी. उजव्या हाताला पट्टी होती, डाव्या हातानं लिहिलं होतं तिनं. काँच ठंडी होने पर ही. आणि खाली, आणखी लहान — ताई ने बताया था.

तो कागद अजून भिंतीवर आहे. मधे रंगकाम झालं तेव्हा तिनं जपून काढला, प्लास्टिकमध्ये घातला आणि परत लावला. कॉलनीतल्या बायकांना मी शेगडीचे नियम सांगते ना, ते त्या कागदासमोर उभी राहून सांगते.

माझा नवरा जाऊन आता बराच काळ झाला. मला साखर आहे, रक्तदाब आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. मुलगा बाहेरगावी. माझं सगळं वैशालीच बघते. आता तीही नोकरीतून मोकळी झाली आहे. रोज दिवेलागणीला ती गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवते. डागांचा हात, चार गोळ्या. जेवणाआधीची, जेवणानंतरची, प्रत्येकीचं नाव सांगते, वेळ सांगते. आणि मग रोज, न चुकता, चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवते आणि म्हणते, "ताई, तुम्ही पण एकदा बघून घ्या ना. मेरा भरोसा नहीं."

मी बघते. गोळ्या बरोबर असतात. आजवर एकदाही चुकलेल्या नाहीत.

"बरोबर," मी म्हणते आणि पाण्याचा पेला उचलते.